शिकण्याची सूत्रे कोणाच्या हाती?

आठवी ते दहावी ही तीन वर्षे आपल्याकडे बोर्डाची, क्लासची आणि घरच्यांच्या काळजीची असतात. काय शिकायचे, कोणत्या क्रमाने, किती वेळात, यांतले काहीही त्या वयाच्या मुलाला ठरवता येत नाही. आपल्या शिक्षणाची दिशा विद्यार्थ्याने स्वतः ठरवावी हा विचार मात्र शंभर वर्षे जुना आहे.

ए. एस. नील यांनी 1921 मध्ये समरहिल शाळा सुरू केली. तिथे तासाला बसणे ऐच्छिक होते आणि शाळेचे नियम सभेत ठरत. त्या सभेत मुलाचे आणि शिक्षकाचे मत सारख्याच वजनाचे. अमेरिकेत हेलन पार्कहर्स्ट यांच्या डाल्टन योजनेत मुलांना महिन्याचे काम नेमून दिले जाई आणि वेळेची वाटणी ती स्वतः करत. सर्वांत मोठी कसोटी लागली 1930 च्या दशकात. तिथल्या तीस माध्यमिक शाळांना महाविद्यालयांच्या प्रवेशअटींतून मोकळीक मिळाली आणि अभ्यासक्रम आपल्या पद्धतीने बदलता आला. पुढे या शाळांतल्या 1,475 विद्यार्थ्यांची जोडी तितक्याच कुवतीच्या, नेहमीच्या शाळांतल्या विद्यार्थ्यांशी लावून महाविद्यालयातली प्रगती पाहिली गेली. ती मुले एकंदरीत मागे पडली नव्हती. ज्या शाळांनी सर्वाधिक बदल केले, तिथली तर स्पष्टपणे पुढे होती. या यशामागे शिक्षकांचे कष्ट होते. उन्हाळी सुट्टीत एकत्र बसून ते अभ्यासक्रमाची नव्याने मांडणी करत.

आपल्याकडचे ठळक उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या पाबळचे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून आलेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय आठवी ते दहावीच्या शाळांत पोचला. मुले वेल्डिंग करतात, विजेची जोडणी करतात, माती तपासतात, रोपे वाढवतात आणि केलेल्या कामाचा खर्चही काढतात. कामाची चौकट शिक्षकांची, पण पत्रा चुकीचा कापला गेला तर पुन्हा मोजण्याची जबाबदारी मुलाची. पुस्तकातला कोन त्याला तिथे पहिल्यांदा कामाचा वाटतो. स्वतः निवडलेल्या प्रश्नासाठी मूल जास्त वेळ झटते आणि आपल्याला काय येत नाही हे त्याला स्वतःहून कळू लागते. हा लाभ आयुष्यभर पुरणारा आहे.

धोकेही तितकेच खरे आहेत. किर्श्नर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी 2006 मध्ये मांडले की विषयात नवख्या असलेल्या मुलाला मार्गदर्शनाशिवाय सोडले, तर त्याची स्मरणशक्ती वाट शोधण्यातच खर्ची पडते आणि शिकणे मागे राहते. बीजगणिताचा पाया कच्चा असलेल्या मुलाला ‘हवे ते निवड’ म्हटले, तर ते बहुधा बीजगणितच टाळेल. शिकलेल्या आईवडिलांचे मूल घरी विचारू शकते. घराण्यात पहिल्यांदाच शाळेत आलेल्या मुलीला शिक्षकाखेरीज कोण आहे? शिवाय प्रकल्पाला गुण आले की तयार प्रकल्प दुकानात मिळू लागतात, आणि स्वयंअध्ययन पालकांच्या खिशावर येऊन थांबते.

म्हणून हे स्वातंत्र्य टप्प्याटप्प्याने वाढले पाहिजे. आठवीत एका विषयातला एक प्रश्न मुलाने निवडावा, नववीत आठवड्याचा एक दिवस त्याच्या कामाला द्यावा, आणि या सगळ्यात मूलभूत गणित व भाषा यांचे पद्धतशीर अध्यापन सुटू नये. मूल्यमापनही बदलायला हवे. शंभरपैकी ऐंशी गुण लेखी परीक्षेला असताना उरलेल्या विसांत मुलाचे कुतूहल मावत नाही. मुलाने ठेवलेल्या नोंदी, फसलेले प्रयत्न आणि त्याने दिलेली कारणे यांनाही गुण हवेत.

आणि सुरुवात शिक्षकापासून व्हावी. साठ मुलांचा वर्ग, अशैक्षणिक कामे आणि अभ्यासक्रम संपवण्याची घाई यांत अडकलेला शिक्षक मुलाच्या प्रश्नासाठी थांबू शकत नाही. त्याला लहान वर्ग, मोकळा वेळ आणि आपला पाठ स्वतः आखण्याचा अधिकार द्या. ज्याला स्वतःलाच निवड करता येत नाही, तो दुसऱ्याला निवडायला शिकवू शकणार नाही.