काचेचे छत आणि किकवीची पडवी

पुणे-सातारा महामार्गावर कापूरहोळ मागे टाकून नीरा नदीच्या दिशेने निघाले की किकवी लागते. तेथे आमचे किराणा मालाचे दुकान आहे आणि दुकानापुढे लाकडी खांबांवर तोललेली कौलारू पडवी. आषाढातल्या आडव्या सरी सुरू झाल्या की एसटीची वाट पाहणारी माणसे पडवीत येऊन उभी राहतात. त्यांतील निम्मी आमचे गिऱ्हाईक नसतात.

गेल्या वर्षी दुकान नव्याने बांधण्याचा विचार घरात निघाला. आराखडा काढणाऱ्याने पहिली रेघ पडवीवरच ओढली. “ही जागा आत घेतली तर मालासाठी फळ्यांच्या दोन रांगा वाढतील; पुढे शटर बसवू.” हिशेब बिनचूक होता. मी होकार दिला. माझे सासरे, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, ते काहीच बोलले नाहीत. त्यानंतर दोन महिन्यांनी लेकीकडे इटलीत मिलानला जाण्याचा योग आला.

मिलानचे भव्य कॅथेड्रल पाहून आम्ही बाहेर पडलो, तो शेजारीच एक उत्तुंग कमान दिसली. लेक म्हणाली, “आई, आता बाजार पाहू.” कमानीतून आत शिरताच मी थबकले. दोन्ही बाजूंना चार-पाच मजली इमारती, मध्ये प्रशस्त रस्ता आणि त्या रस्त्यावर लोखंड व काच यांचे कमानदार छत! हीच ‘गॅलेरिया व्हित्तोरिओ इमान्युएले दुसरा’. इटलीच्या एकीकरणानंतरच्या पहिल्या राजाचे नाव तिला दिले आहे. जुसेप्पे मेंगोनी या वास्तुविशारदाने तिचा आराखडा केला. १८६५ मध्ये पायाभरणी झाली आणि १८६७ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. दर्शनी कमानीचे काम मात्र १८७७ पर्यंत लांबले. ते पूर्णत्वास येत असतानाच, त्या वर्षाच्या अखेरीस, मेंगोनी परातीवरून कोसळून मरण पावला. आपण उभारलेल्या वास्तूचा सोहळा पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

एकमेकींना छेदणाऱ्या दोन वाटा जिथे मिळतात, तिथे मध्यभागी अष्टकोनी चौक आहे आणि त्यावर काचेचा घुमट. खालच्या फरशीवर रंगीत तुकड्यांच्या जडावकामात शहरांची चिन्हे आहेत. त्यांतील तुरिन शहराच्या बैलावर टाच रोवून गिरकी घेतली की भाग्य उजळते, अशी समजूत! लाखो टाचांनी तिथे खळगा पडला आहे. लेकीने आग्रह केला. पण चित्रातला का असेना, बैलावर टाच रोवायला माझे पाऊल धजेना. आम्ही हसून बाजूने निघालो.

दुकाने जगातल्या महागड्या नाममुद्रांची. तरीही प्रत्येकाची पाटी एकाच धाटणीची, काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरे. वास्तू मिलानच्या नगरपालिकेच्या मालकीची आहे आणि नियम सर्वांना सारखा. आम्ही तासभर रेंगाळलो, एक पैशाचीही खरेदी केली नाही, तरी कोणी हटकले नाही. बाहेर पावसाची सर आली, तशी रस्त्यावरची माणसे आत आली. कोणी छत्री मिटली, कोणी लहान मुलाचे डोके पुसले. त्या क्षणी मला आमची पडवी आठवली.

आणखी एक वास्तू आठवली, ती पुण्याची मंडई. तिच्याही मध्यभागी अष्टकोन आहे. त्यावर उंच मनोरा आणि त्यापासून चहूकडे फुटलेले आठ बाहू, त्यांत भाजीचे गाळे. १८८६ मध्ये सुरू झालेली ही वास्तू तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली जाई. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुले यांचे नाव लाभले.

या नामकरणामागे विचार करायला लावणारी एक गोष्ट आहे. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांनी याच मंडईवरील मोठ्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा सामान्यांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतः भाजीपाल्याचा आणि फुलांचा व्यवसाय जाणणारा हा माणूस बाजाराचा वैरी नव्हता. इमारत कोणासाठी आणि कोणाच्या पैशाने, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आज शेतकऱ्याचा माल विकणाऱ्या त्या छताखाली त्यांचेच नाव आहे, आणि तो प्रश्नही तिथेच उभा आहे.

मिलानच्या छताखाली श्रीमंती आहे, मंडईच्या छताखाली मेथी-कोथिंबिरीचा वास आहे. पण दोन्हीकडे खरेदी न करणाऱ्यालाही जागा आहे. व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाखेरीज आणखी कोणाला आसरा द्यायचा की नाही, हे कोणत्याही वहीखात्यात लिहिलेले नसते. आमच्या आराखड्यातही त्याला रकाना नव्हता.

किकवीला परतल्यावर मी अण्णांना विचारले, “अण्णा, पडवी राहू द्यायची का?”

ते म्हणाले, “मी सातारहून पहिल्यांदा या गावात आलो, तेव्हा पाऊस होता. मी इथेच उभा होतो. दुकान तेव्हा आपले नव्हते.”

एवढ्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी कधी सांगितली नव्हती. आम्हीही कधी विचारली नव्हती.

नवा आराखडा आता तयार आहे. फळ्यांची एकच रांग वाढली आहे, तीही आतल्या कोठाराची भिंत सरकवून. शटर पडवीच्या आत बसेल. खांब कुजले होते, ते बदलले. कौले मात्र जुनीच चढवली आहेत. भिंतीलगत एक लांब बाकडे ठेवायचे, ही सूचना लेकीची. ती मिलानहून फोनवर रोज विचारते, “आई, बाकडे आले का?”