गळाची विणलेली दोरी, बेटकास्टिंग रिळाकरिता
अनेक सूक्ष्म तंतूंचे, बहुधा चार वा आठ, पेड एकत्र विणून ही दोरी तयार करतात. पूर्वी रेशीम व पुढे डेक्रॉन वापरीत. १९९०–२००० या दशकात अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनाची दोरी प्रचारात आली. बेटकास्टिंग रिळात आमिष फेकताना दोरी गुंडाळलेली फिरकी स्वतः फिरते. त्यामुळे दोरीची निवड केवळ तिच्या बलावरून करणे युक्त नव्हे. जाडीही तितकीच निर्णायक असते. ३० पौंड (सु. १३·६ किग्रॅ.) ताण सोसणाऱ्या विणलेल्या दोरीचा व्यास सु. ०·२८ मिमी., म्हणजे ८ पौंडी एकतंतू नायलॉन दोरीएवढाच असतो. याहून बारीक दोरी मोठा मासा ओढताना खालच्या वेढ्यांत रुतते आणि पुढील फेकीत एकाएकी अडकून तुटते, आमिषही गमावते. म्हणून सामान्यतः ३० पौंडी वा अधिक, तर दाट पाणवनस्पतींत ५० ते ६५ पौंडी दोरी घेतात. आठ पेडांची दोरी गोल व गुळगुळीत असते. परंतु तिचे पेड बारीक असल्याने ते घासून लवकर झिजतात, त्यामुळे ती सर्वत्र श्रेष्ठ हा समज बरोबर नाही. फिरकीवर दोरी घसरू नये म्हणून तळाशी नायलॉनचे काही वेढे देतात. खडकाळ जागी टोकाला फ्ल्युओरोकार्बन दोरीचा तुकडा जोडतात.