गिझर दुरुस्त करताना जीव सांभाळा

थंडी पडली की आता आपल्या वस्तीतही घरोघरी गिझर चालू होतात. बंब गेला, धूर गेला, मायबहिणींच्या डोळ्यांचे पाणी थांबले. चांगलेच झाले. पण गिझरची दुरुस्ती हलगर्जीपणाने केली तर जीवावर बेतते.

आमच्या शेजारच्या चाळीत एका घरी पाणी तापेना. थर्मोस्टॅट जळाला होता. ओळखीच्या एका मुलाने तो काढून टाकला आणि वायरी थेट जोडून दिल्या. पाणी तापू लागले, घरचे खूश! दुसऱ्या दिवशी बटण बंद करायचे राहिले आणि गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ फुसफुसू लागली. घरातल्या ताईंनी धावत जाऊन मेन स्विच पाडला, म्हणून निभावले. दोन-तीनशे रुपये वाचवण्यासाठी घर पणाला लागले होते.

पाणी ठराविक तापले की वीज तोडणे, हे थर्मोस्टॅटचे काम. तोच नसेल तर गिझर थांबणार कसा? म्हणून वायरी थेट जोडून 'तात्पुरते' काम कधीही चालवू नये.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे, पण ते नीट होते की नाही हे आपल्याला कळले पाहिजे. आधी मेन स्विच बंद हवा, प्लग काढलेला हवा. टेस्टर अगोदर चालू पॉइंटवर लावून बघावा, मगच गिझरच्या वायरीला लावावा. बिघडलेला टेस्टर फसवतो. कोणती वायर कुठे आहे ते कागदावर काढून ठेवावे. नवा थर्मोस्टॅट जुन्याच्याच अँपिअरचा व मापाचा घ्यावा. लाल किंवा तपकिरी वायर फेजची, काळी किंवा निळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची. हिरवी वायर टाकीच्या धातूला घट्ट जोडलेली असलीच पाहिजे.

दोन हजार वॅटचा गिझर सुमारे 9 अँपिअर वीज ओढतो. त्याला 16 अँपिअरचा तीन पिनांचा सॉकेट हवा, एक्स्टेंशन बोर्ड नव्हे. जुन्या चाळींत तिसऱ्या भोकाला अनेकदा वायरच नसते. नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या तर गिझर लगेच बंद करावा. शक्य असेल तर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. वीज अंगातून जाऊ लागताच तो पुरवठा तोडतो.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री होते. विजेच्या धोरणाचा भारही त्यांच्याकडे होता. देशाला स्वस्त आणि मुबलक वीज मिळावी, असा त्यांचा आग्रह होता. ती वीज आपल्या घरी आली आहे. तिला घाबरायचे नाही, पण तिच्याशी खेळायचेही नाही. भगवान बुद्धांनी अप्रमादाची, म्हणजे सदैव जागरूक राहण्याची, शिकवण दिली. ती विहारात जितकी पाळायची, तितकीच न्हाणीघरातही पाळू या.