ओढाताणीची नोकरी: ब्रिटिश टगबोटींचे भन्नाट किस्से

महासागर पार करून आलेलं अगडबंब जहाज धक्क्यापाशी आलं की एकदम लाचार होतं. वेग कमी केला की सुकाणू ऐकत नाही, वेग ठेवला तर धक्का फुटतो. अशा वेळी कामाला येते ती बुटकी, जाडजूड, नाकाला टायरं बांधलेली टगबोट. ब्रिटनच्या नद्यांत आणि बंदरांत ही ओढाताण दोनशे वर्षांहून जास्त काळ चालू आहे. टगवाल्यांच्या गप्पांत विषय कुठलाही निघो, गाडी फिरून दोरावर येते. कुणी टाकला, कुणी पकडला, कधी तुटला आणि कधी सोडावा लागला, यातच त्यांचा सगळा इतिहास आहे.

परीक्षा पास, नोकरी नाही

मार्च १८०३. स्कॉटलंडमधल्या फोर्थ अँड क्लाइड कालव्यात विल्यम सिमिंग्टनच्या ‘शार्लट डंडास’ या वाफेच्या बोटीनं ७० टनांचे दोन बार्ज मागे बांधले आणि समोरून जोराचा वारा असताना सुमारे ३० किलोमीटर ओढून ग्लासगोला नेले. वाफेवर चालणारी टग कामाची आहे, हे सिद्ध झालं. पण कालव्याच्या मालकांना वेगळीच काळजी पडली. बोटीच्या लाटांनी काठ ढासळले तर? झालं, बोट बाजूला टाकली गेली. बिचारा सिमिंग्टन गरिबीत मेला. टगनं मात्र पुढच्या काही दशकांत अख्खा देश जिंकला.

वीस पौंडांच्या नोटेवर

ट्रॅफल्गरच्या १८०५ च्या लढाईत गाजलेली ९८ तोफांची ‘टेमेरेअर’ ही युद्धनौका सप्टेंबर १८३८ मध्ये शीअरनेसहून रॉदरहाइथला मोडीत काढायला नेली. चित्रकार टर्नरनं तिचं चित्र काढलं: पांढरीफटक म्हातारी युद्धनौका आणि तिला ओढत नेणारी काळी, धूर ओकणारी टग. प्रत्यक्षात टग दोन होत्या, टर्नरनं एकच ठेवली. युद्धनौकेच्या डोलकाठ्या आधीच काढून झाल्या होत्या, त्यानं त्या परत उभ्या केल्या. कुणी तक्रार केली नाही. २००५ साली बीबीसी रेडिओच्या श्रोत्यांनी ब्रिटनमधलं सर्वोत्तम चित्र म्हणून याचीच निवड केली, आणि २०२० च्या वीस पौंडांच्या नोटेवर टर्नरसोबत हे चित्रही आलं. म्हणजे आज ब्रिटनमध्ये टग घराघरातल्या पाकिटात आहे.

आधी भाव, मग दोर

शिडांच्या जहाजांच्या काळात टगवाले बंदरात बसून गिऱ्हाइकाची वाट बघत नसत. टाइन आणि टेम्स नद्यांतल्या टग समुद्रात दूरवर जाऊन जहाजं हुडकत. जहाज दिसलं की शेजारी जाऊन, भोंग्यासारखे हात तोंडाला लावून, भाव सुरू. वारा चांगला असला की जहाजाचा कप्तान नाक वर करून पुढे जाई. टगवाला शांतपणे मागून येत राही. वारा पडला, प्रवाहानं जहाज भलतीकडे सरकायला लागलं, की कप्तान आपणहून हाक मारी. तोवर भाव वाढलेला असे! आभाळ वाचता येणं हा टगवाल्याचा हुन्नर होता आणि उत्पन्नाचं साधनही.

तीनबोट्या जॅक

लंडनच्या विल्यम वॉटकिन्स कंपनीच्या ‘अँग्लिया’ या टगला तीन धुराडी होती, म्हणून नाविकांनी तिचं नाव ठेवलं ‘तीनबोट्या जॅक’. तिची सगळ्यांत गाजलेली कामगिरी म्हणजे क्लिओपात्राची सुई. इजिप्तहून लंडनला आणायचा हा सुमारे दोनशे टनांचा दगडी स्तंभ १८७७ मध्ये लोखंडी नळकांड्यात बंद करून एका आगबोटीमागे बांधला होता. बिस्केच्या उपसागरात वादळानं गाठलं. नळकांड्यावरच्या माणसांना सोडवायला गेलेल्या होडीतले सहा खलाशी बुडाले, आणि सुई तशीच सोडून द्यावी लागली. ती बुडाली असं सगळ्यांनी धरलं होतं, पण ती तरंगत राहिली. दुसऱ्याच एका जहाजाला सापडली आणि स्पेनमधल्या फेरोल बंदरात पोचली. तिथून तिला आणायला ‘अँग्लिया’ गेली आणि जानेवारी १८७८ मध्ये टेम्समध्ये घेऊन आली. आज नदीकाठी तो स्तंभ दिमाखात उभा आहे.

डोकं सांभाळा, गाठ येतेय

टगचा जाड दोर जहाजावर पोचतो कसा? आधी जहाजाच्या डेकवरून एक हलका दोर खाली भिरकावतात. टगवरचा डेकहँड तो झेलतो, आपला दोर त्याला बांधतो, मग वरची मंडळी तो खेचून घेतात. हलका दोर लांब जावा म्हणून त्याच्या टोकाला चेंडूसारखी गोल गाठ असते. काही आगाऊ खलाशी त्या गाठीत शिसं किंवा लोखंडाचा नट घालत. अशी गाठ पंधरा मीटर उंचीवरून डोक्यात बसली तर माणूस आडवा! म्हणून अनेक टगवाले वजन घातलेली गाठ हाती आली की चाकू काढून सरळ कापून टाकत आणि फक्त दोर परत पाठवत.

या दोराच्या वरच्या टोकाला आपली माणसंही असत. पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवर डेकवरचे खलाशी बरेचदा रत्नागिरीकडचे, त्यांचे सारंग आणि तांडेलही तिथलेच, तर खानपान सांभाळणारे गोव्याचे. लंडनजवळच्या टिलबरीच्या गोदीत टगचा भिजलेला, मणभर जड झालेला दोर वर ओढणारे हात अशा कोकणी खलाशांचेही असत.

शिट्टीची भाषा

व्हीएचएफ रेडिओ येईपर्यंत जहाजावरचा पायलट, म्हणजे बंदराचा वाटाड्या, टगशी शिट्टीनं बोले. पुढच्या टगसाठी एक आवाज, मागच्या टगसाठी दुसरा. एकीला तोंडाची शिट्टी, दुसरीला जहाजाचा भोंगा, अशी वाटणी असे. हुकूम कळला हे सांगायला टगनं तोच इशारा आपल्या भोंग्यावर परत द्यायचा. धुकं असलं, शेजारच्या गोदीतही असंच कुणी शिट्ट्या मारत असलं, तर आपली शिट्टी कोणती हे ओळखणं हीच टगच्या कप्तानाची, म्हणजे स्किपरची, परीक्षा.

ओढणं सोपं, सोडणं अवघड

जुन्या टगवर दोराचं हूक अगदी मागे नसून मध्याच्या थोडं मागे असतं. त्यामुळे टगचा मागचा भाग मोकळा राहतो आणि तिला झटकन वळता येतं. मागच्या डेकवर आडव्या कमानी असतात, म्हणजे दोर कशातही न अडकता एका बाजूकडून दुसरीकडे घसरत जातो. सोय झकास, पण धोकाही त्यातच. ओढलं जाणारं जहाज टगच्या पुढे निघालं किंवा बाजूला वळलं, तर दोर आडवा ताणला जातो आणि टगलाच कुशीवर पाडतो. हे सगळं काही सेकंदांत होतं. म्हणून ‘गॉब रोप’ नावाचा दुसरा दोर मुख्य दोराला मागच्या टोकाशी दाबून धरतो, आणि हूक एका झटक्यात सुटेल असं बनवलेलं असतं. सिंहगडावर सूर्याजीनं दोर कापले ते मागे फिरायची वाट बंद करायला. टगवाला दोर सोडतो तो घरी परतायला.

ही भीती फक्त जुन्या काळची नाही. १९ डिसेंबर २००७ रोजी ग्लासगोजवळ क्लाइड नदीत दाट धुक्यात ‘फ्लाइंग फँटम’ ही टग अशीच उलटली. चौघांपैकी तिघे गेले.

चहा पोऱ्याच्या हातचा

वाफेच्या टगवर स्किपर, मेट, इंजिनियर, भट्टीवर फायरमन, एक-दोन डेकहँड आणि सगळ्यांत खाली पोऱ्या. शाळा नुकतीच सुटलेली, मिसरूड न फुटलेली पोरं इथूनच सुरुवात करत. चहा करायचा, भांडी घासायची, पितळ चकचकीत ठेवायचं आणि मधल्या वेळात दोर बांधायला शिकायचं. दुधाच्या जागी डब्यातलं गोड, घट्ट दूध. चहा पातळ झाला की अख्ख्या टगचा ओरडा! कामाची वेळ घड्याळ ठरवत नसे, भरती-ओहोटी ठरवे. आज पहाटे तीनला, तर उद्या भर दुपारी.

टेम्सवर बार्ज ओढणाऱ्या टगचं धुराडं बिजागरीवर बसवलेलं असे. पूल आला की ते आडवं करायचं, पूल गेला की उभं. भरतीच्या वेळी तर पुलाखाली जेमतेम जागा उरे. धुराडं आडवं झालं की सगळा धूर थेट डेकवरच्यांच्या नाकात.

टायटॅनिकचा टळलेला अपघात

१० एप्रिल १९१२, साउदॅम्प्टन. टायटॅनिक टगच्या मदतीनं गोदीतून निघालं. त्या प्रचंड धुडानं हललेल्या पाण्यामुळे शेजारी बांधलेल्या ‘न्यूयॉर्क’ जहाजाचे दोर फटाफट तुटले आणि ते टायटॅनिककडे ओढलं जाऊ लागलं. ‘व्हल्कन’ टगनं झटपट ‘न्यूयॉर्क’ला दोर लावून त्याला मागे खेचलं. दोन्ही जहाजांत अंतर उरलं होतं फक्त एक-सव्वा मीटर. निघायला साधारण तासभर उशीर झाला, एवढंच. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

तुकडे जोडा, टग तयार

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला टग हव्या होत्या आणि त्याही काल. उपाय निघाला ‘टीआयडी’ टगचा. सरळ रेषांचा, गोलाई जवळजवळ नसलेला आराखडा. जहाजबांधणीशी संबंध नसलेल्या कारखान्यांनी सुटे भाग बनवायचे, ते ट्रकवरून बोटयार्डात आणायचे आणि वेल्डिंग करून जोडायचे. अशा १८२ टग तयार झाल्या. त्यातल्या काही अजून तरंगत आहेत, घाईत केलेल्या कामासाठी हे वाईट नाही.

टर्मॉइलवरून उडी

१९५१ च्या नाताळातल्या वादळात ‘फ्लाइंग एंटरप्राइझ’ या अमेरिकी मालवाहू जहाजाला तडे गेले आणि ते एका कुशीवर कललं. प्रवासी आणि खलाशी उतरवले गेले. कप्तान कुर्त कार्लसन मात्र एकटाच जहाजावर राहिला. मदतीला आली ब्रिटिश टग ‘टर्मॉइल’. पण दोर पकडून बांधायला वर माणूस एकच, तोही साठ अंशांत तिरक्या डेकवर! पुन:पुन्हा दोर टाकला, पुन:पुन्हा हुकला. ४ जानेवारी १९५२ रोजी लाटेबरोबर टगचं मागचं टोक जहाजाला जवळजवळ टेकलं, तेव्हा टगचा मेट केनेथ डॅन्सी यानं सरळ उडी मारून जहाजाचा कठडा पकडला. आता हात चार झाले. दोर लागला.

पुढचे काही दिवस जगभरच्या वर्तमानपत्रांत हीच बातमी. फॅल्मथ बंदर टप्प्यात येत असताना वादळ पुन्हा वाढलं आणि दोर तुटला. १० जानेवारीला जहाज इतकं आडवं झालं की दोघं आडव्या पडलेल्या धुराड्यावरून चालत गेले आणि पाण्यात उड्या टाकल्या. त्यांना उचललं ते ‘टर्मॉइल’नंच. जहाज थोड्याच वेळात बुडालं. बुडत्या जहाजांच्या बचावाच्या जुन्या करारात नियम साफ आहे: जहाज किंवा माल वाचला तरच पैसे.

डिझेलच्या जमान्यात पाणचाकं

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, पाणचाकाच्या बोटी भंगारात जात असताना, ब्रिटिश नौदलानं सात कोऱ्या पाणचाकी टग बांधून घेतल्या! कारण विमानवाहू जहाजं. त्यांचा धावपट्टीचा डेक बाहेर आलेला असतो, उंच टग खाली गेली की डोकं आपटतं. या टगची डोलकाठी आडवी करता येई, आणि दोन चाकं वेगवेगळ्या मोटरींवर चालत असल्यानं ती जागच्या जागी गरकन फिरे.

मासळीसाठी, मग बेटांसाठी

१९७५-७६ मध्ये मासेमारीच्या हद्दीवरून ब्रिटन आणि आइसलंडमध्ये ‘कॉड वॉर’ पेटलं. आइसलंडच्या गस्तनौका ब्रिटिश ट्रॉलरची जाळी कापत, म्हणून मध्ये ढाल म्हणून ‘लॉइड्समन’सारख्या टग पाठवल्या. ठोकाठोकी झाली, गोळ्याही झाडल्या गेल्या. शेवटी जिंकलं आइसलंड. १९८२ च्या फॉकलंड युद्धात हल बंदरातल्या ‘सॅल्व्हेजमन’, ‘आयरिशमन’ आणि ‘यॉर्कशायरमन’ या टग थेट दक्षिण अटलांटिकला रवाना झाल्या. क्षेपणास्त्रांनी जळालेलं ‘अटलांटिक कन्व्हेयर’ ओढून नेण्याचा प्रयत्न ‘आयरिशमन’नं केला. ते वाटेतच बुडालं.

जाता जाता

• ब्रिस्टलच्या संग्रहालयातली ‘मेफ्लॉवर’ ही टग १८६१ ची. वाफेवर चालणारी.

• १९१४ ची पाणचाकी टग ‘एपल्टन हॉल’ मोडीत जाता जाता अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी विकत घेतली आणि पनामा कालव्यामार्गे सॅन फ्रान्सिस्कोला चालवत नेली. १९७० मध्ये पोचली.

• टेम्सवरच्या तरुण नावाड्यांची ‘डॉगेट्स कोट अँड बॅज’ ही वल्ह्यांची शर्यत १७१५ पासून चालते. बक्षीस: लाल कोट आणि चांदीचा बिल्ला.

• लिव्हरपूलच्या एका जुन्या कंपनीच्या सगळ्या टगच्या नावांत कोंबडा असे: ‘गेम कॉक’, ‘स्टॉर्म कॉक’, ‘ब्लॅक कॉक’. क्लाइडवरच्या दुसऱ्या कंपनीच्या सगळ्या ‘फ्लाइंग’ असत.

कोळसा गेला, कचरा आला

लंडनची कोरी कंपनी एके काळी शहराच्या चुलींसाठी आणि वीजघरांसाठी कोळशाचे बार्ज ओढी. आज तिच्या टग लंडनचा घरगुती कचरा ओढतात. नावं बघा: ‘रिकव्हरी’, ‘रिक्लेम’, ‘रिसोर्स’, ‘रीगेन’, ‘रिडाउट’. वँड्सवर्थ आणि बॅटरसीहून कंटेनरांनी भरलेले बार्ज घेऊन त्या संसदेसमोरून, टॉवर ब्रिजखालून बेल्व्हेडिअरला जातात, आणि तिथं कचरा जाळून वीज तयार होते. म्हणजे वीजघरांसाठी ओझं ओढण्याचं काम सुटलेलंच नाही. स्किपरकडे आता रडार आहे, व्हीएचएफ आहे. तरी भरलेले बार्ज घेऊन निघायचं कधी, हे अजून ओहोटीच ठरवते.