सयामी मांजर घरी आणण्यापूर्वी

जिना चढताना शेजारच्या ब्लॉकमधून तान्हं बाळ रडल्यासारखा आवाज येतो. कुणाचं बाळ आलंय म्हणून डोकवावं, तर दारात मांजर! हा मोठा, हट्टी आवाज ही सयामी मांजराची खूण. आखूड तलम केस, सायीच्या रंगाचं सडपातळ अंग, निळे डोळे. आणि तोंड, कान, पाय, शेपटी तेवढी काजळीत बुडवल्यासारखी. पाहताक्षणी मोह पडावा असंच रूप. पण मैत्रिणींनो, मोहात पडण्याआधी नीट ओळख करून घ्या.

या मांजराचं माहेर सयाम, म्हणजे आजचं थायलंड. तिथल्या जुन्या पोथ्यांत त्याची चित्रं आहेत. १८७८ साली बँकॉकच्या अमेरिकन वकिलातीतून अध्यक्ष हेज यांच्या पत्नी ल्यूसी यांना असं एक मांजर भेट म्हणून धाडलं गेलं. पण अमेरिकेत पोचल्यावर वर्षाच्या आतच ते आजारी पडून दगावलं. १८८४ साली गूल्ड नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने एक जोडी इंग्लंडला आणली.

रंगाची गंमत

पिल्लं बघायला गेलात, की आई काळ्या तोंडाची आणि पिल्लं पांढरी! ही फसवणूक नव्हे. केसांना रंग देणारं यांच्या अंगातलं द्रव्य उबेत काम करत नाही, गारव्यात करतं. आईच्या पोटात सगळीकडे सारखीच ऊब, म्हणून पिल्लं पांढरी जन्मतात. मग काही आठवड्यांत कान, नाक, पाय, शेपटी या गार टोकांवर रंग चढतो. ऑपरेशनसाठी केस काढले, तर त्या जागी नवे केस गडद येऊ शकतात. घाबरून जाऊ नये.

एकटेपणा सोसत नाही

हे मांजर माणसांत रमणारं. तुम्ही पोळ्या लाटत असाल तर ते पायाशी घोटाळणार, बोललात तर उत्तर देणार. घरातली सगळी माणसं सकाळी जाऊन रात्री परतत असतील, तर ते हाका मारत बसतं. कधी चाटून चाटून अंगावरचे केसही घालवतं. अशा घरी दोन पिल्लं एकत्र आणावीत, नाही तर आणूच नये.

दूधभातावर भागत नाही

मांजर म्हटलं की आपल्याला दूधभात आठवतो. पण बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. शिवाय मांसमासळीत असणारं टॉरिन मिळालं नाही, तर मांजराचे डोळे आणि हृदय अधू होतं. तेव्हा शाकाहारी घरात मासळी किंवा मांजरांचं तयार खाद्य चालणार का, हे सासूबाईंना विचारूनच पिल्लू आणावं.

एवढं लक्षात ठेवा

• पिल्लू तीन महिन्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नये.
• रेबीजसह सर्व लसी डॉक्टरांकडून वेळेवर टोचून घ्याव्यात.
• कांदा-लसूण घातलेलं अन्न देऊ नये. पॅरासिटामॉलची गोळी तर मांजराला विषच!
• पिल्लं नको असतील तर वेळीच ऑपरेशन करून घ्यावं. माजावर आलेल्या सयामी मांजरीच्या ओरडण्याने शेजारी हैराण होतात.

नीट सांभाळलं तर हे मांजर पंधरा वर्षंही जगतं. आज पिल्लासाठी हट्ट धरणारी तुमची मुलं तोवर कॉलेजात गेलेली असतील, आणि मांजराची सोबत तुम्हालाच करायची असेल. तेवढी तयारी असेल तर मात्र खुशाल आणा!