‘नकोशी’ : एका नावाची कैफियत

चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर अमडापूर हे गाव लागते. टेकडीवरील बल्लाळदेवीमुळे या गावाचे नाव पंचक्रोशीत सर्वांस ठाऊक आहे. याच बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा आहे. तेथे १५९८ साली जिजाऊंचा जन्म झाला. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बुलढाण्यात राहून ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध लिहिला आणि १८८२ साली तो प्रसिद्ध केला. देवी, राजमाता आणि स्त्रियांची बाजू निर्भयपणे मांडणारी लेखिका अशा तीन तेजस्वी नावांचा वारसा या एका जिल्ह्याला लाभला आहे. अशा ठिकाणी बसून एका चौथ्या, अगदी निराळ्या नावाचा विचार करावासा वाटतो. ते नाव आहे ‘नकोशी’.

हे नाव सर्वत्र आढळणारे नव्हे. सातारा, सांगली या बाजूच्या खेड्यांतून ते विशेष ऐकू येते. बोलीत त्याचेच ‘नकुशी’ किंवा ‘नकुसा’ असे रूप होते. त्याची व्युत्पत्ती सांगण्यास पंडित लागत नाही. ‘नको’ या नकाराला ‘सा’ हा प्रत्यय लागून ‘नकोसा’ हे विशेषण होते आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘नकोशी’. व्याकरणात या शब्दाची तिन्ही लिंगी रूपे आहेत. परंतु विशेषनाम झाले ते मुलीपुरतेच. एखाद्या मुलाचे नाव ‘नकोसा’ ठेवल्याचे कोणी ऐकले आहे काय? घरात दोन-तीन मुली झाल्या, पुत्राची वाट पाहता पाहता पुन्हा मुलगीच झाली, म्हणजे तिच्या कपाळी हे नाव येई. ‘आता मुली पुरेत’ असा निरोप दैवाला पोहोचावा आणि पुढच्या खेपेस मुलगा व्हावा, ही त्यामागील समजूत. निरोप दैवाला, पण तो जन्मभर वाहून न्यावयाचा मात्र त्या मुलीने!

येथे कोणी म्हणेल की, ओंगळ नावे ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. मग या एकाच नावाचा एवढा बाऊ कशाला? ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर दिले पाहिजे. धोंडू, दगडू, केरू, उकिरडा, भिकाजी ही नावे आपल्या परिचयाची आहेत. मुले जगत नसत त्या काळी, नंतर झालेल्या लेकरावर काळाची दृष्टी पडू नये म्हणून त्याला दगड म्हणत, केर म्हणत, कोणी ते उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचलून घेत. दैवाला वाटावे की ही वस्तू टाकाऊ आहे, नेण्याजोगी नाही. म्हणजे ती एक लबाडी होती; परंतु ती मायेची लबाडी होती. तोंडाने ‘धोंडा’ म्हणणाऱ्या आईच्या मनात त्या वेळी ‘माझे सोने’ हाच शब्द असे. अशी नावे धारण करणाऱ्यांचे समाजात काही अडले नाही. ज्यांच्या नावातच धोंडा होता त्या धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ स्थापन केले आणि १९५८ साली ते ‘भारतरत्न’ झाले. महानुभाव वाङ्मयाचे थोर संशोधक विष्णु भिकाजी कोलते हे तर आपल्या याच जिल्ह्यातले. त्यांच्या नावात वडिलांचा ‘भिकाजी’ सन्मानाने नांदला. मुलींनाही असे नाव मिळे; जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी यांच्या नावातला धोंडा त्यांच्या सुरांच्या आड आला नाही.

‘धोंडू’ आणि ‘नकोशी’ ही दोन्ही नावे वरवर पाहता एकाच जातीची दिसतात, पण त्यांचे अर्थ परस्परविरुद्ध आहेत. धोंडू हे हवेहवेसे मूल टिकावे म्हणून बोललेले असत्य होते. नकोशी हे नको असलेल्या मुलीच्या तोंडावर बोललेले सत्य आहे. पहिल्या नावाने मुलाचे रक्षण अपेक्षिले, दुसऱ्याने पुढच्या मुलासाठी या मुलीचा बळी दिला. या भेदाची साक्ष आणखी एका नावात सापडते. मुलगा जगावा म्हणून त्याचे नाक टोचून त्यात नथ घालीत आणि त्याला ‘नथू’ म्हणत. दैव त्याला मुलगी समजेल आणि सोडून देईल, असा हा हिशेब. मुलगी न्यावयाची तसदी दैवसुद्धा घेणार नाही, हे त्यात गृहीतच धरलेले होते!

हा दोष केवळ मराठी मुलखाचा आहे असे समजून स्वतःला बोल लावण्याचे कारण नाही. हरियाणात ‘भतेरी’ म्हणजे ‘पुष्कळ झाल्या’ असे मुलीचे नाव आढळते. तमिळनाडूत ‘वेंडाम’ हे नाव आहे. त्याचा अर्थ शब्दशः ‘नको’. चीनमध्ये मुलीला ‘चाओदी’, म्हणजे ‘धाकट्या भावाला बोलावून आणणारी’, असे म्हणत. भाषा निराळ्या, देव निराळे. भावना मात्र एकच. आणि या भावनेच्या मुळाशी असलेली समजूत किती निराधार आहे, हे विज्ञानाने केव्हाच दाखवून दिले आहे. अपत्याचे लिंग पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, हा शोध १९०५ साली लागला आणि तो लावणाऱ्यांत नेटी स्टीव्हन्स ही एक अमेरिकन स्त्री होती. तेव्हा मुलीच्या नावाने पुढच्या गर्भावर काही परिणाम होणे नाही, आणि मुली झाल्याबद्दल आईला दोष देणे हे तर अज्ञानावर अन्यायाची भर घालणे होय.

या नावाची कैफियत महाराष्ट्राच्या कानावर विशेष स्पष्टपणे आली ती २०११ साली. त्या वर्षी २२ ऑक्टोबर रोजी सातारा येथे एक आगळे बारसे झाले. जिल्ह्यातील २८५ नकोशींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली आणि त्यांची प्रमाणपत्रे त्यांच्या हाती ठेवण्यात आली. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली. एरवी बारशाला बाळाचे मत कोणी विचारीत नाही. येथे कित्येकींनी आपले नाव आपण निवडले. नाव बदलल्याने मन बदलते काय, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. आईबापांचे मन बदलेल न बदलेल. परंतु वर्गात हजेरीच्या वेळी ‘मी नको आहे’ या अर्थाच्या हाकेला रोज ‘हजर’ म्हणून उत्तर देण्याची पाळी ज्या मुलीवर येत होती, तिच्या मनाचा विचार केला तर हा समारंभ निव्वळ उपचार होता असे कोणी म्हणणार नाही.

तथापि, नाव दुर्मीळ होत चालले एवढ्यावरून भावनाही लोप पावली असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. जनगणनेचे आकडे याच्या उलट सांगतात. शून्य ते सहा वर्षे वयाच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात २००१ साली ९१३ होती, ती २०११ साली ८९४ झाली. बीड जिल्ह्यात ती ८०७ पर्यंत खाली आली. आणि जिजाऊंच्या बुलढाणा जिल्ह्यात? २००१ साली ९०८ आणि २०११ साली ८५५. दहा वर्षांत हजारामागे त्रेपन्नांची घट! गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला. त्यानंतर १९९४ साली केंद्राचा कायदा आला आणि २००३ पासून तो अधिक कडक झाला. कायदे होते, तरीही आकडे घसरले.

याचा अर्थ उघड आहे. पूर्वी जो नकार बारशाच्या दिवशी पाळण्यापाशी उच्चारला जाई, तो आता सोनोग्राफीच्या बंद खोलीत, हलक्या आवाजात उच्चारला जाऊ लागला. पहिल्या नकाराला निदान एक नाव होते, आणि ते नाव धारण करणारी एक जिवंत मुलगी होती. ती शाळेत गेली, मोठी झाली, प्रसंगी आपले नाव बदलून घेण्याइतकी धीट झाली. दुसऱ्या नकाराला नावच नाही. हजारामागे ज्या कमी पडल्या त्यांची नोंद कोणत्याही वहीत सापडणार नाही. त्यांची नावे बदलण्यासाठी समारंभ करता येणार नाही. म्हणून ‘नकोशी’ हे नाव कानावर येईनासे झाले याचा आनंद मानताना, ते कशामुळे येईनासे झाले याची चौकशी प्रत्येक गावाने प्रामाणिकपणे केली पाहिजे.

या कामी शिक्षक आणि कारकून यांच्या हाती वाटते त्यापेक्षा अधिक सत्ता आहे. १९६९ च्या कायद्यान्वये जन्माची नोंद २१ दिवसांत करावयाची असते. परंतु त्या वेळी बाळाचे नाव घातलेच पाहिजे असे नाही. पुढे बारा महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क आणि पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून नोंदविता येते. रागाच्या भरात उच्चारलेले नाव नोंदवहीत शिरण्यापूर्वी ‘थोडे थांबा, विचार करून सांगा’ एवढे म्हणण्यास कोणत्याही लेखनिकास मज्जाव नाही. हे सांगणे आज अधिक निकडीचे झाले आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून पुढील अनेक कामांना जन्मदाखला हाच आधार धरला जाणार आहे. पूर्वी गुरुजी शाळेच्या दाखल्यात एखादे बरे नाव लिहून मुलीची सुटका करू शकत. आता ती वाट अरुंद झाली आहे.

दुसरा बदल याहून अर्थपूर्ण आहे. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावात, प्रथम स्वतःचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव व शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरविला आहे. शतकानुशतके कागदावर अदृश्य राहिलेली आई आता नावात आली. पण त्याबरोबर एक हिशेबही पुढे आला. जी मुलगी काल ‘नकोशी’ म्हणून वाढली, ती आज आई झाली असेल, तर तिचे नाव तिच्या बाळाच्या प्रत्येक कागदावर उमटणार. ज्या पुत्राच्या आशेने तिला हे नाव दिले गेले, तसाच एखादा पुत्र तिच्या पोटी आला, तर तोही आपल्या नावात ‘नकोशी’ वागवील. एका पिढीने ओढलेला शब्द पुढच्या पिढीने वाचावयाचा, असा हा न्याय आहे. त्यासाठी ज्यांना आपले नाव बदलून घ्यावयाचे असेल त्यांना राजपत्राची वाट मोकळी आहे. ती दाखविणे, अर्ज लिहून देणे, हे सुशिक्षिताचे साधे कर्तव्य होय.

जून उजाडेल, शाळा उघडतील, आणि अमडापूर असो की दुसरे कोणतेही गाव, पहिलीच्या वर्गात नव्या नावांची यादी होईल. त्या यादीत ‘नकोशी’ बहुधा नसेल. परंतु शिक्षकांनी त्या दिवशी नावे वाचून झाल्यावर मुलगे किती आणि मुली किती, हेही एकदा मोजावे. दोन्ही आकडे जवळपास असतील, तर ते नाव खरोखर गावातून गेले असे समजावे. नसतील, तर ते नाव गेलेले नाही. फक्त हाक मारण्यापूर्वीच पुसले गेले आहे.