प्राध्यापकांनी आपल्या रक्तात काय वाचले?



विद्यापीठातले प्राध्यापक आता आपले संशोधन वर्तमानपत्रांतून आणि जाहीर व्याख्यानांतून लोकांना सांगतात. ही चांगली गोष्ट आहे. पण विषय आपल्याच समाजाचा असला की बातमीचा मथळा वाचून नातवंडे विचारतात, "आजी, आपण खरे ज्यू की भारतीय?" म्हणून आपल्यावर झालेल्या एका महत्त्वाच्या संशोधनात काय म्हटले आहे, ते साध्या मराठीत सांगत आहोत.

मार्च २०१६ मध्ये तेल अवीव विद्यापीठ आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ यांच्या संशोधकांनी हा अभ्यास 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांत येदाएल वाल्डमन, एरान हाल्पेरिन आणि आलोन केनान हे होते. त्यांनी १८ बेने इस्राएल व्यक्तींची जनुके, म्हणजे आईबापांकडून मिळालेला शरीराचा वारसा, तपासली. मग ज्यू, भारतीय आणि पाकिस्तानी अशा ४१ समाजांतल्या ४८६ जणांशी त्यांची तुलना केली.

पहिला निष्कर्ष असा की आपल्यात ज्यू आणि भारतीय हे दोन्ही अंश भरपूर आहेत. आपण कोकणातल्या शेजाऱ्यांसारखे दिसतो, तरी त्यांच्याहून वेगळे आहोत. तुलनेला घेतलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी समाजांपैकी दुसऱ्या कोणाचेही ज्यू समाजांशी इतके नाते आढळले नाही. आपला ज्यू अंश मध्यपूर्वेतल्या ज्यूंशी जुळतो.

दुसरा निष्कर्ष काळाचा. ही सरमिसळ १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाली. पिढी ३० वर्षांची धरली, तर सुमारे ५७० ते ९९० वर्षे होतात. हे कसे मोजतात? सरमिसळीनंतरच्या पहिल्या पिढ्यांत दोन्हीकडचा वारसा लांब पट्ट्यांनी असतो. पुढच्या प्रत्येक पिढीत पट्टे तुटून लहान होतात. गोधडीचे तुकडे जितके बारीक, तितकी सरमिसळ जुनी. मात्र हा काळ सरमिसळीचा आहे, आगमनाचा नव्हे. नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज कधी उतरले, हे या आकड्यावरून ठरत नाही. जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्याची आपली परंपरा त्यामुळे खरीही ठरत नाही आणि खोटीही ठरत नाही.

तिसरा निष्कर्ष नाजूक आहे. ज्यू अंश पुरुषांकडून अधिक आला, भारतीय अंश स्त्रियांकडून अधिक. स्त्रीकडे एक्स गुणसूत्रे दोन असतात, पुरुषाकडे एक. त्यामुळे एक्समध्ये स्त्रीपूर्वजांचा इतिहास अधिक उमटतो, आणि तिथे आपला भारतीय अंश जास्त दिसला.

हे वाचून जुनी जखम दुखते. १९६२ साली रब्बानूतने आपल्या लोकांची लग्ने लावण्यापूर्वी आई, आजी, पणजीची चौकशी करण्याचे निर्देश दिले होते. समाजाने त्याविरुद्ध लढा दिला. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने, बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत, असे जाहीर केले. तो निकाल कोणाचे रक्त तपासून लागला नव्हता.

आणि लागूही शकत नाही. एखादी स्त्री समाजात आली, तिने शब्बाथ पाळला, मुलांना शेमा शिकवला, हे जनुकांत उमटत नाही. गियूरही उमटत नाही. आजूबाजूच्या लोकांचा अंश इतर अनेक ज्यू समाजांतही आढळला आहे. कोण ज्यू, हा प्रश्न धर्माचा आणि समाजाचा आहे, प्रयोगशाळेचा नाही. म्हणून "ज्यू असल्याचे सिद्ध झाले" या मथळ्याने हुरळून जाऊ नये, आणि "भारतीय आज्या" ऐकून खाली मानही घालू नये. त्या आज्यांनीच मालिदा आणि एलियाहू हन्नावीची भक्ती घराघरांत टिकवली.

शेवटचा निष्कर्ष नातवंडांच्या कामाचा. सरमिसळीनंतर आपला समाज फार लहान झाला होता, आणि लग्ने आपसांतच होत राहिली. अशा समाजात काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो. आईबाप दोघेही निरोगी असले, तरी दोघांकडून तोच दोष आला तर मूल आजारी होऊ शकते. म्हणून लग्नाच्या किंवा बाळंतपणाच्या आधी नातवंडांनी कुपत खोलीममध्ये आपले मूळ बेने इस्राएल आहे असे सांगून आनुवंशिक तपासणीबद्दल विचारावे. दोन्ही बाजूंचे आजीआजोबा बेने इस्राएल असतील, तर तेही सांगावे.

पुढे कोणी प्राध्यापक आपल्या सभेत बोलायला आले, तर तीन प्रश्न जरूर विचारा. किती लोकांना तपासले? नेमके काय मोजले? आणि यावरून काय सांगता येत नाही? चांगला संशोधक तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आनंदाने देतो. नमुने आपले आहेत, तेव्हा उत्तर आपल्याला समजेल अशा भाषेत मागण्याचा हक्कही आपला आहे.